अर्धी पाटी

मातीने भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. ज्यांनी ती कधी वाहिली नाही त्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं. पाटी जमिनीवर असते, चुंबळ डोक्यावर असते, आणि मधल्या उंचीसाठी समोर दुसरी बाई लागते. दोघींनी दोन्हीकडून काठ धरायचा, पाटी गुडघ्यापर्यंत आणायची आणि मग एका झटक्यात वर. डोक्यावर गेली की तोल आपोआप सांभाळला जातो. खरं काम तिथवर नेण्याचंच असतं.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडच्या सगळ्याच बायका हे शिकल्या. आमचं गाव काष्टीपासून दोन-अडीच कोसांवर. विहिरींनी तळ दाखवला तसे जमीनवाले आणि बिनजमिनीचे एकाच हजेरीपटावर आले. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. माझ्या आईने त्याआधी दुसऱ्याच्या बांधावर कधी पाटी उचलली नव्हती. पहिले आठ दिवस ती पदर नाकापर्यंत ओढून माती वाहायची, जणू तिला कुणी ओळखणार नाही इतकं आमचं गाव मोठं होतं. मी सतरा वर्षांची होते, सातवी झालेली, लग्नाची. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या कामावर मी खुशीत होते. घरात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी घशाखाली उतरत नव्हत्या, गोठा रिकामा झाला होता, आणि मी सकाळी उठून वेणी घालून कामावर निघायचे ती जत्रेला निघाल्यासारखी.

त्याला कारण माझी जोडीदारीण. तिथे पुरुष पुढे कुदळीने माती मोकळी करत आणि बायका मागे जोडीने काम करत. एकीने खोऱ्याने भरायची, दुसरीने वाहायची, दहा-बारा खेपा झाल्या की अदलाबदल. माझी जोडी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरच्या एका मुलीशी होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. वडील ती लहान असतानाच गेलेले, आई जनावरं घेऊन छावणीत राहायला गेलेली, भाऊ पुण्याला हमालीला. घरात ती एकटीच असायची.

पाटी दोघींनी एकदम उचलावी म्हणून मोजायची रीत असते, एक, दोन, तीन. ती रोज दोनलाच उचलायची. माझा तोल जायचा, अर्धी माती माझ्या पोलक्यात जायची, आणि ती इतकी हसायची की तिला पाटी पुन्हा खाली ठेवावी लागायची.

‘तीनला उचल की गं,’ मी म्हणायचे.

‘तीनपत्तुर कोन थांबतंय,’ ती म्हणायची.

ती सगळ्यांच्या नकला करायची. माप घ्यायला येणाऱ्या ओव्हरसियरची चाल, मुकादमाचं खाकरणं, माझ्या आईचा तो नाकापर्यंतचा पदर. आईची नक्कल तिने आईसमोरच केली आणि आई हसली, ही त्या वर्षातली मोठीच गोष्ट होती. तिची मावशी संगमनेरपलीकडच्या अकोल्याकडे डोंगरात दिली होती. तिथे बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून भात लावतात, असं ती सांगायची. आम्ही प्यायच्या पाण्याला पिंपापुढे रांग लावत होतो, आणि ही गुडघाभर पाण्याच्या गोष्टी करत होती. मी तिला थापाडी म्हणायचे. आतून मात्र मला ते सगळं हवं असायचं, तिच्याबरोबर त्या पाण्यात उभं राहायला हवं असायचं.

हजेरी घेणारा एक माणूस होता. बड्या घरचा, धुतलेले कपडे, तोंडात कायम सुपारी. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत त्याने तिला राहुटीत बोलावलं. हजेरीपटावर तिचा अंगठा राहिला होता म्हणे. ती चौथी शिकलेली, सही करायची, अंगठ्याचा प्रश्नच नव्हता. ती तेच सांगायला म्हणून हसत गेली. तिथे त्याने तिच्यावर बळजबरी केली. याहून जास्त मी लिहिणार नाही. ते सांगायचा हक्क तिचा आहे, माझा नाही.

राहुटीतून ती बाहेर आली ती सरळ पाण्याच्या पिंपाकडे. तिथे सावलीला आम्ही पंधरा-वीस बायका बसलो होतो. तिने तोंड धुतलं, आणि काय झालं, कुणी केलं, ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

आमच्याकडे असं काही झालं तर ते आधी आईच्या कानात जायचं आणि तिथून पुढे कुठेच जायचं नाही. तिची आई छावणीत होती. म्हणून तिने ते आम्हाला सांगितलं. तिला वाटलं, आम्ही आहोत.

घडलं त्याचा राग लोकांना फार दिवस राहिला नाही. ती बोलली याचा राहिला. गावातल्या चार जाणत्यांनी बसून प्रकरण मिटवलं, म्हणजे त्या माणसाला दुसऱ्या कामावर धाडलं आणि तिच्या भावाला पुण्याहून बोलावून समजावलं. तो तालुक्याला दोन खेपा घालून आला, कुणी दाद दिली नाही, मग पुन्हा हमालीला निघून गेला. बायका म्हणाल्या, ‘गप बसली असती तर कुनाला कळलं असतं?’ माझी आईही म्हणाली. मी मान हलवली, हे मला पक्कं आठवतं.

ती तीन दिवस आली नाही. त्या तीन दिवसांत आईने माझी जोडी बदलून आमच्या घरातल्याच वहिनीशी लावून दिली. राहुरीकडचं एक स्थळ माझ्यासाठी चालून आलं होतं. मुलगा साखर कारखान्यावर नोकरीला, घरी मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी. आई म्हणाली, ‘तिच्या जोडीला दिसलीस तर पावनं उंबऱ्यातनंच माघारी जात्याल.’ आई वाईट नव्हती. तिने त्याच दिवशी पदराखाली पायलीभर मिलो नेऊन तिच्या घरी ठेवला. पण ठेवला तो मागच्या दाराने.

चौथ्या दिवशी ती आली आणि नेहमीच्या जागी उभी राहिली. मी वहिनीसमोर खोरं घेऊन वाकलेली होते. तिने माझ्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि तिला समजलं. तिने आपली पाटी स्वतःच भरली, काठोकाठ, आमच्या सवयीप्रमाणे. मग काठाला दोन्ही हात लावून ती वाट बघत उभी राहिली.

तिला कुणी शिवी दिली नाही, कुणी तोंड वाकडं केलं नाही, आमच्या गावच्या बायका तशा सभ्य होत्या. फक्त सगळ्यांना एकदम खूप काम लागलं. कुणी चुंबळ बांधायला बसली, कुणाला तहान लागली. पुरुषांपैकी कुणी पुढे होणं शक्यच नव्हतं, त्याचीही दुसरी गोष्ट झाली असती. मी खोऱ्याकडे बघत होते. माझ्यापासून ती वीस पावलांवर होती. मी ती पावलं नंतर मोजली होती, म्हणून सांगते.

बराच वेळ ती तशी उभी होती. मग खाली बसली आणि ओंजळीने पाटीतली माती काढून टाकायला लागली. एक ओंजळ काढायची, पाटी उचलून बघायची. पुन्हा एक ओंजळ. पाटी अर्धी झाली तेव्हा ती एकटीच्या बळाने गुडघ्यावर आली, गुडघ्यावरून खांद्यावर आणि खांद्यावरून कशीबशी डोक्यावर. त्या दिवसापासून ती अर्धी पाटी वाहायला लागली. आमची एक खेप व्हायची तेवढ्यात ती दोन करायची, पळत पळत.

दुपारी खायला सरकारी सुकडी वाटायची तेव्हा ती रांगेत असली की तिच्या पुढेमागे जागा सुटायची. पाणी वाढणारी बाई तिच्या ओंजळीत जरा उंचावरून धार धरायची. हळूहळू तिच्या नकला बंद झाल्या. मला तिची आठवण यायची. ती वीस पावलांवर असताना मला तिची आठवण यायची, आणि याला काय म्हणतात ते मला आजही कळलेलं नाही. वहिनी बरोबर तीनला पाटी उचलायची. माझ्या पोलक्यात मातीचा कण जात नव्हता, आणि घरी जाऊन मी उगाच भांडी आपटायचे.

मध्यंतरी माझ्या भाचीची मुलगी घरी आली होती. ती शिकतेय. तिच्याजवळ प्रश्नांचा एक कागद होता. ज्या बायकांवर असा प्रसंग आला त्यांना लोकांकडून किती सोसावं लागलं, ते मोजायचा कागद. शेजाऱ्यांनी तुमच्याशी बोलणं टाळलं का? तुम्हाला समारंभाला बोलवायचं बंद केलं का? पुढे चौकटी, कधीच नाही, कधी कधी, नेहमी. पोरगी मन लावून काम करते, प्रश्नही चुकीचे नाहीत. पण मी तो कागद उलटापालटा करून बघितला आणि तिच्यावर उगाच डाफरले. म्हटलं, यात सगळं तिलाच विचारलंय. तुम्ही टाळलंत का, हे कुठं विचारलंय? ती म्हणाली, आजी, ते कोण खरं सांगेल? मला तिचा राग आला, कारण बोलली ती बरोबर. मला मोजायला सांगितलं असतं तर मी पाटीनेच मोजलं असतं. पूर्ण पाटीतून अर्धी वजा केली की उरते तेवढी आम्ही.

महिन्याभराने ओव्हरसियर टेप घेऊन आले. खणलेल्या खड्ड्याच्या मधोमध मापासाठी मातीचा एक खांब तसाच सोडलेला असायचा. तो किती उंच उरला यावरून खोली कळायची. आमच्या टोळीचं माप कमी भरलं. मुकादम पुढे झाला.

‘सायेब, ही एक बाई अर्धीच पाटी वाहती. तिच्यापायी समद्या टोळीचं माप कमी भरतंय.’

ओव्हरसियर नवीन होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी तिला विचारलं, ‘का गं? अर्धी का वाहतेस?’

ती पाटी खाली ठेवून उभी राहिली. तिचा आवाज त्या दिवशी पिंपापाशी होता तसाच होता.

‘टेपानं माती मोजताय, सायेब. म्या अर्धी का वाहती, ते बी मोजा की.’

तिने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

‘हिला इचारा. हिला ठावं हाय.’

ओव्हरसियर माझ्याकडे वळले. आई चार हातांवर होती. वहिनीने माझा दंड धरला होता. राहुरीचे पाहुणे चार दिवसांनी यायचे होते. मला बोलता येत होतं. माझी दातखीळ बसली होती, असं म्हणून मला सुटता येणार नाही. मी स्पष्ट बोलले.

‘मला न्हाई ठावं,’ मी म्हणाले.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मान हलवली, कुणी वाट विचारावी आणि आपण ‘हां, तिकडून’ म्हणावं तशी. खोरं पाटीत ठेवलं, पाटी मुकादमापुढे ठेवली आणि ती रस्त्याला लागली. पुढच्या आठवड्यात भाऊ येऊन तिला अकोल्याला मावशीकडे सोडून आला. एसटीला जाताना दोघं आमच्या दारावरून गेली. मी आत जात्यापाशी बसून होते. जात्यात काही नव्हतं.

पाहुणे आले, पसंती झाली, चार माणसांत लग्न लागलं. दुष्काळाचं लग्न, पंगतीला लापशी आणि आमटी. मी राहुरीला आले. तिथे घराशेजारून पाण्याचा पाट वाहायचा, चहूकडे ऊस. पहिल्या दिवशी पाटात पाय सोडून बसले आणि मला रडू फुटलं. घरच्यांना वाटलं, माहेरची आठवण. हंडा डोक्यावर घेताना जाऊबाई हात लावायच्या, तर मी तिच्या सवयीने दोनलाच उचलायचे, पाणी त्यांच्या अंगावर सांडायचं, आणि त्या वैतागायच्या. हसायचं कुणी नाही. संगमनेरकडून येणारी एसटी थांब्यावर उभी राहिली की उतरणाऱ्या बायकांची तोंडं मी बघून घ्यायचे. तिला राहुरीला येण्याचं काहीच कारण नव्हतं, तरी बघायचे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. कमी बोलणारी बाई, पण ताटात वाढताना हात सैल. लग्नानंतर वर्ष उलटलं असेल. आम्ही दोघीच ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा त्यांनी एकदम विचारलं.

‘त्या तळ्यावरच्या पोरीचं पुढं काय झालं गं?’

माझे हात थांबले. ‘कुठल्या?’

‘आता मला काय फशिवती. तुझ्या जोडीची. माझा भाऊ काष्टीच्या बाजाराला बैलं घिऊन जातो, त्याच्या कानावर आल्तं समदं. आमच्यातली मानसं म्हनली, नको ती पोरगी, असल्या संगतीतली हाय. म्या म्हनलं, मग हीच करायची. अशा पोरीला जिनं सोडलं न्हाई, ती मला म्हातारपनी सोडील व्हय?’

त्यांच्या भावाला जोडी कळली होती. जोडी मोडली ते त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

आत्याबाईंनी सूप बाजूला सारलं. ‘माझ्या धाकट्या बहिनीचं आसंच झाल्तं. तिला कुनी जवळ केलं न्हाई. म्या बी न्हाई. माझं नवं नवं सासर, भ्याले. दिवाळीला आली हुती माझ्याकडं, तर तिला म्या परतीच्या गाडीनं लावून दिली. शेवटी गावच्या इहिरीनं जवळ केली तिला.’ मग सूप पुन्हा पुढे ओढत म्हणाल्या, ‘तू बरं केलंस गं.’

सांगायला याहून चांगली जागा मला जन्मात मिळणार नव्हती. समोर बसलेल्या बाईने तेच केलं होतं जे मी केलं होतं, आणि तिने ते मला सांगितलंही होतं. मी तोंड उघडलं असतं तर तिने मला हाकललं नसतं. पण त्या घरात मला मान होता तो याच एका गोष्टीचा होता, हे मला त्या क्षणी कळलं. तो मला सोडवेना. मी शेंगा फोडत राहिले.

‘तिला पत्तर घाल,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘चार दिस राहाया बोलाव. मला बघायचीया ती.’

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा ओढा ओलांडून तिच्या आईकडून पत्ता आणला. तिने मला चहा केला, काही विचारलं नाही. राहुरीला परत आल्यावर मी आंतरदेशीय पत्र लिहायला घेतलं. तीन फाडली. चौथ्यात खरं तेच लिहिलं. मी तुझ्या बाजूने उभी होते, असं माझ्या सासूबाईंना वाटतं. त्यांनी तुला बोलावलंय. त्या दिवशी मला ठाऊक होतं आणि मी नाही म्हणाले. तुझ्यावाचून मला करमत नाही. ये.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. घरात कुणी नव्हतं, पोस्टमनने ते माझ्याच हातात दिलं. चौथी शिकलेल्या बाईचं टपोरं अक्षर, ओळी वर चढत गेलेल्या.

‘तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. मला पण तुझी आठवण येते. मी भातलावणीला जाते, इथं माझ्या जोडीला एक बाई आहे, चांगली आहे. मी येईन. पण तुझ्या सासूबाईंनी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. चालेल का तेवढं कळव. मग निघते.’

गोठ्यात उभी राहून मी ते किती वेळा वाचलं, माहीत नाही. एक शब्द लिहायचा होता. तो लिहिला की ती गाडीत बसणार होती, थांब्यावर उतरणार होती, आणि मी जिचं तोंड वर्षभर त्या गाडीच्या दारात शोधत होते ती माझ्यासमोर उभी राहणार होती. कार्ड घरात होतं. शाईही होती. उद्या लिहू म्हणून मी पत्र ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवलं.

आत्याबाई रोज दुपारी पोस्टमनची सायकल येऊन गेली की विचारायच्या. दोन महिने त्यांनी विचारलं. एकदा तर भांडी घासता घासता उठून दारापर्यंत आल्या, राखेने भरलेले हात तसेच.

‘आलं का गं तिचं पत्तर?’

‘न्हाई आलं, आत्याबाई,’ मी म्हणाले.